भावजयीची हाक

ही गोष्ट सांगायची मी कितीतरी वर्षं टाळली. पुराचा विषय निघाला की वाहून गेलेल्या भांड्यांबद्दल, भिंतींबद्दल बोलायचो. म्हशीपाशी आलो की तंबाखूचं निमित्त करून उठायचो. आता धाकटा भाऊ राहिला नाही, आणि खरं काय घडलं ते माहीत असलेली दोनच माणसं उरली आहेत.

आमच्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलत नाही. माझी भावजय लग्न होऊन आली तेव्हापासून आम्ही भिंतीला भिंत लावून राहिलो, पण माझ्याशी काम असलं की ती भावाला सांगायची आणि भाऊ मला. मीही उत्तर त्याच्याच हाती पाठवायचो.

पूर आला त्या दिवशी भाऊ राजूरला गेला होता. दुपारीच नदी गोठ्यात शिरली. मी माझे बैल सोडत होतो. भावाची म्हैस त्याच दावणीला, माझ्या हाताशी होती. भावजयीच्या दारापुढून पाण्याचा लोंढा चालला होता, तिला येणं शक्यच नव्हतं. ती उंबऱ्यात उभी राहून ओरडली, "दादा, म्हैस सोडा! दादा!"

तिनं मला मारलेली ती पहिलीच हाक. मी ती नीट ऐकली. पण पाणी मांडीला लागलं होतं, बैल बिथरले होते आणि मी पुरता घाबरलो होतो. मागं न बघता बैल घेऊन माळावर निघून गेलो. तिला शेजाऱ्यांनी पत्र्यावर ओढून घेतलं. म्हैस दाव्यालाच बुडाली.

गाव शाळेत आसऱ्याला होतं. भाऊ तिथं आला आणि सगळ्यांसमोर त्यानं मला विचारलं, "दादा, ही म्हणून राह्यली, तुम्हाला हाक मारल्ती. खरं का?"

"मला न्हाई ऐकू आलं," मी म्हणालो.

कोपऱ्यातून एक म्हातारी हसली. "भासऱ्यापुढं हिचा शब्द कधी कुणी ऐकला का? आन् ऐन पुरातच बरा कंठ फुटला!"

लोक हसले. भावजयीनं पदर पुढं ओढला. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. भाऊ मात्र काढत राहिला. चहात दूध कमी पडलं की म्हणायचा, "म्हैस बुडवली ती बुडवली, वर माझ्या दादाचं नाव घेतलं."

पुढं वरच्या माळावर आम्हाला घरकुलं मिळाली. सगळी एकसारखी. सुरुवातीला माणसं चुकून दुसऱ्याच्या घरात शिरायची, मंग कुणी दाराला निळा रंग दिला, कुणी तुळस लावली. पत्रा दुपारी तापायचा, झाड कुठंच नव्हतं. माझी बायको आधीच गेलेली, मुलं नव्या जालन्यात कामाला. जुन्या घरात भिंतीपलीकडची भांडी वाजलेली ऐकू यायची, तेवढी सोबत असायची. इथं मधे बोळ आहे, घरात बसलं की काहीच ऐकू येत नाही. माझी भाकर मात्र बायको गेल्यापासून भावजयच करते. ताट भाऊ आणून द्यायचा, आणि बाहेर बसलेला असलो की त्याचं ते म्हशीचं बोलणं मी बोळापलीकडून ऐकायचो.

भाऊ गेल्यावर आमच्यामधलं बोलणारं माणूसच गेलं. आता ती ताट ओट्यावर ठेवते, दाराची कडी वाजवते आणि मी उठेपर्यंत निघून जाते.

परवा ठरवून, रिकामं ताट घेऊन तिच्या अंगणात गेलो. ती शेळीला पाला टाकत होती. मला बघून तिनं पाठ फिरवली आणि शेळीलाच म्हणाली, "म्हणावं, कोरड्यास लई तिखट झालं का?"

मीही शेळीकडंच बघितलं. "म्हणावं, बराबर झालंय."

"म्हणावं, मंग ताटात उरतं कसं?"

तिथं तिसरं कुणी नव्हतं, रस्त्यावरही कुणी नव्हतं. अशी वेळ पुन्हा येणार नाही हे कळत होतं. तरी ताट तिच्या ओट्यावर ठेवून परत आलो. तिला एवढंच म्हणायचं होतं: बाई, तू हाक मारली होतीस. मी ऐकली होती. सगळ्यांसमोर तुला खोटं पाडलं, मला माफ कर.