सोळा अक्षरं

"ही कुठली भाषा? मेंढरं हाकतेस का इथं?"

सर म्हणाले. मी फळ्यापुढं हुबी, हातात खडू. सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

सोलापूरचं इंजिनिअरिंग कॉलेज. ऑटोमाटाचा तास. ऑटोमाटा म्हंजे कागदावरचं यंत्र. गोल काढायचे, ह्या गोलातनं त्या गोलात जाणारे बाण काढायचे, बाणावर अक्षर लिवायचं. अक्षर म्हंजे हाक. ज्या अक्षराची हाक यील त्या बाणानं पुढं जायचं. त्यातली एक जात लई न्यारी. यंत्र कुठल्याबी गोलात असू दे, ठरलेल्या हाका ठरलेल्या क्रमानं दिल्या की ते एकाच गोलात येऊन थांबतंय. फळ्यावर आदल्या दिवशी सोडवाय दिलेलं चार गोलांचं यंत्र हुतं. कमीत कमी किती हाका लागतील, सरांनी इचारलं. नऊ, मी सांगितलं. नऊच का, तेबी सांगत हुते. माझ्या बोलीत. आमी सांगोल्याकडचे, आप्पा मेंढरं राखत्यात. सरांना ते ठाऊक हुतं.

मला खाली बसवलं.

मग ऋचा उठली. पहिल्या बाकावरची, डॉक्टरांची पोरगी. आदल्या दिवशी माझी वही तिनंच नेली हुती. माझंच उत्तर, माझ्याच क्रमानं, इंग्रजीत. सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. आयत्या बिळावर नागोबा. मीबी वाजवल्या.

खोटं कशाला बोलू, जळले मी. वही नेली त्याचा राग कमी, तिच्या इंग्रजीचा जास्त. ती अडखळली तरी कुणी हसत नव्हतं, ह्याचा तर लईच. खोलीवर आरशापुढं तिच्यावानी बोलून बघितलं. माझीच मला लाज वाटली.

पुढं प्रोजेक्टला बाहेरचे परीक्षक आले. प्रोजेक्ट आमच्या दोघींचं, ह्याच यंत्रांवरचं. सरांनी वाटणी केली, ऋचा बोलल आन् मी तक्ते धरायचे. धरले. परीक्षकांनी इचारलं, असंच पाच गोलांचं यंत्र घेतलं तर किती? ऋचा थांबली. माझ्याकडं बघाय लागली. मला येत हुतं. मी गप ऱ्हायले. तिचं उतरलेलं तोंड बघून बरं वाटलं. लई बरं वाटलं.

सर माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "तिच्या कानात सांग. ती बोलेल."

कानात.

मी तक्ते खाली ठेवले.

"सोळा," मी म्हणले. "आन् सोळाच का, तेबी मीच सांगणार हाय."

इंग्रजीत येत असेल तर बोल, सर म्हणाले. न्हाय येत, म्हणले, आन् खडू उचलला. पाच गोल काढले. एकेक हाक देत गेले, यंत्र कुठल्याबी गोलातनं निघू दे, सोळाव्या हाकेला एकाच गोलात आणलं. सरांनी दोनदा थांबवाय बघितलं. मी थांबले न्हाय.

मार्क ऋचालाच जास्त पडले. अजून जळते मी तिच्यावर. इंग्रजी मीबी शिकणार, सोडत न्हाय. पण माझं उत्तर आता कुणाच्या कानात जाणार न्हाय. ज्याला पायजे त्यानं समोर बसावं आन् माझ्या तोंडून ऐकावं.