गार थांबल्यावरचा आवाज

सिनेमातलं मला काही कळत नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं. गारपिटीतलं मात्र कळतं. मोहगावजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत माझं उभं आयुष्य गेलं.

मुलगी नागपूरला सिनेमा शिकते. शेवटच्या परीक्षेसाठी तिनं गारपिटीवर छोटा सिनेमा केला आणि जमा करण्याआधी मला दाखवायला घरी आणला. लॅपटॉपवर काळे ढग धावले, वीज कडाडली, ढोल बडवले गेले, एक बाई किंचाळली. मोठ्या सिनेमात पूर येतो, इमारती कोसळतात, तेव्हा असंच असतं म्हणे. मी म्हणालो, "हे तं वरात वाटून राहिली." पोरीचं तोंड एवढंसं झालं. माझी जीभच तशी आहे, तिला आवर नाही.

"मंग खरं कसं असते, सांगा ना, बाबा."

सांगायला बसलो आणि लक्षात आलं, हे मी कधी कोणाला सांगितलंच नव्हतं. ती लहान असताना आमची बाग झोडपली गेली. टिनावर गार पडते तेव्हा शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण तो आवाज लक्षात राहत नाही. राहतो तो नंतरचा. गार थांबते, एक पाखरू ओरडत नाही. मग देठाला मार बसलेली संत्री एकेक करून पडायला लागतात. धप्. बराच वेळ काहीच नाही. आता संपलं असं वाटतं, तोच पुन्हा धप्. फळं गेली की फांदी हलकी होऊन वर उचलली जाते आणि तिला लावलेला बांबूचा टेकू आपोआप आडवा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही बागेत गेलो. तोडणी सुरू होती. लदलेली फांदी हलकी होताना टेकू कसा पडतो, ते तिनं टिपलं. आवाजासाठी ती चांगली संत्री तोडायला निघाली. मी तोडू देतो होय! झाडाखाली आपोआप पडलेली फळं, म्हणजे गळ, टोपलीत भरली. मी शिडीवरून एकेक सोडत होतो, ती खाली माइक धरून बसली होती.

"लवकर लवकर सोडा ना. एवढं शांत ठेवलं तं लोकं उठून जातीन."

"जाऊ दे," मी म्हणालो. मनात मात्र पाल चुकचुकली. माझ्या हट्टापायी पोरीची परीक्षा बुडाली तर?

तोडगा तिनंच काढला. आधी बागवाल्यांना दाखवायचं, ते उठले तर ढोल परत टाकायचे. सौंसरला एका शाळेच्या वर्गात, खिडक्यांना सतरंज्या लावून, भर दुपारी सिनेमा लागला. पांढुर्ण्याहून माझे साडूही आले. त्यांचीही संत्र्याचीच बाग, आणि थट्टा करायला त्यांना तेराव्याचं जेवणही चालतं. ते नेमके माझ्या शेजारी बसले.

टेकू आडवा झाला. पडदा काळा झाला. धप्. कोणीतरी खोकलं. मी खाली फरशीकडे बघत राहिलो. धप्. मग बराच वेळ काहीच नाही. पोरगी पडद्याकडे नाही, माणसांकडे बघत होती.

साडूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हळूच म्हणाले, "थांबा. अजून एक पडन."

पडलं.

कोणी उठलं नाही. सतरंज्या काढल्या तरी सगळे बसूनच होते. ढोलांचं तर पोरीनं नावच काढलं नाही. माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

साडूंनी घसा खाकरला. "तुमच्या पोरीले हे कोणं सांगतलं, भाऊ?"

"मी," म्हणालो. "आजवर कोणी इचारलंच नोतं. तिनं इचारलं."