भिंतीवरचं वाळवंट

जर्मनीत, बॉनमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ जेवायला बोलावतात, पण आधी नकाशा वाचून दाखवतात. अमेरिकेतल्या आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या वाळवंटाचा तो जुना नकाशा त्यांनी हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. उंचीच्या तपकिरी रेषांवरून बोट फिरवत ते दर वाक्याला ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणतात, जणू डोंगर जागच्या जागी आहेत ना, हे तेच तपासताहेत. स्वतः तिकडे कधी गेलेले नाहीत.

गेल्या महिन्यात मी माझ्या इन्स्टिट्यूटमधल्या मैत्रिणीला त्यांच्याकडे नेलं. ती त्याच वाळवंटातली. एका निळ्या ठिपक्यापाशी ती थबकली.

“हा आमचा झरा,” म्हणत तिने त्याचं तिच्या भाषेतलं नाव सांगितलं.

गृहस्थांनी चष्मा पुसून नकाशा पाहिला. “तुमचा काहीतरी गोंधळ होतोय. इथे वेगळं छापलंय.”

“छापताना आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.”

“आल्झो, तर मग जेवायला बसू या,” ते म्हणाले.

ती न जेवताच निघाली, तिच्यामागे मीही.

पुढच्या रविवारी जिन्यात त्यांचा आवाज ऐकू आला. नव्या पाहुण्यांना ते सांगत होते, “अहो, खुद्द तिथली बाई येऊन नकाशा बरोबर आहे म्हणून सांगून गेली!”