सहा-सहा महिन्यांच्या बाई

कोजागरी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी बाई एक ठरावीक ब्लाउज घालायच्या. त्याची डावी बाही खांद्यापर्यंत उसवून तिला टिचबटणं लावलेली होती. गल्लीतल्या शिंप्याकडून मुद्दाम करून घेतलेलं. फ्लूची सुई घ्यायच्या दिवशी तेवढं ते पेटीतून बाहेर निघायचं. मग काठी घेऊन बाई राजपुऱ्यातल्या आमच्या गल्लीची दारं वाजवत निघायच्या. "चला गं, वर्षाची सुई घ्यायची. शांते, आत लपू नको, चपला दिसताहेत तुझ्या!"

बाई म्हणजे आमच्या घरमालकीण. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, म्हणून सगळ्यांच्याच बाई. मी वरच्या खोलीतली भाडेकरू. माहेर मालवणकडचं, शाळा आठवीत सुटलेली, नवरा केळीच्या ट्रकवर. तो दिल्लीकडे गेला की मी एकटी. आजूबाजूला यंत्रमागांचा खडखडाट, बायकांची अर्धी मराठी अर्धी हिंदी, आणि मला साधं भाजीवाल्याशी बोलायची भीती. त्यात पहिल्या वर्षी मी पोटुशी होते.

त्या कोजागरीनंतर बाई जिना चढून वर आल्या, धापा टाकत. त्यांना दमा होता. म्हणाल्या, "कोकणे, चल. ऑटो खडी आहे बाहेर."

मी म्हटलं, "मावशी, सासूबाई फोनवर नको म्हणाल्या. पोटात बाळ आहे."

"पोट तुझं आहे की सासूचं? डॉक्टरला विचारू. तो नको म्हणाला तर नको."

"मी शाळा सोडलेली. मला यातलं काही कळत नाही."

"शाळा सुटली, डोकं थोडंच सुटलं?"

आणि जिन्यातच बसून त्यांनी मला समजावलं, पहिलीच्या पोरीला समजवावं तसं. "हा ताप म्हणजे बहुरूपी. दरवर्षी नवं सोंग घेऊन येतो. मागच्या साली दारावर बसवलेला राखणदार त्याला ओळखत नाही. म्हणून राखणदार दरवर्षी नवा ठेवायचा." डॉक्टरांनी माझे कागद बघितले आणि सुई घ्यायला हवीच म्हणून सांगितलं. सुई टोचताना मी बाईंचा पदर इतका घट्ट धरला, की त्याच्या निऱ्यांचा चोळामोळा झाला. बाहेर आल्यावर त्यांनी मावा जिलबी खाऊ घातली आणि म्हणाल्या, "आता आईला फोन कर. सांग, अजून जिवंत आहे." परक्या गावात मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

पुढे मला मुलगी झाली. तिला पहिली आंघोळ बाईंनी घातली. दर कोजागरीनंतर आमची मिरवणूक दवाखान्यात जायची. दोन-तीन ऑटो, आणि पुढच्या ऑटोत बाई. उशीर करणाऱ्याला म्हणायच्या, "वरात निघून गेल्यावर नवरदेव आला तर कुणाशी लग्न लावायचं?"

मग बाईंचे यजमान गेले आणि मुलांनी बाईंची वाटणी केली. मोठे प्रकाशदादा खालीच राहत, धाकटे सतीशदादा नेपानगरला. गुढीपाडवा ते दसरा नेपानगर, दसरा ते गुढीपाडवा इथं. घर बाईंचं स्वतःचं, पण त्यातही त्या पाळीनं राहायला यायच्या. मी विचारलं, "मावशी, बरं वाटतं का तिकडं?" तर म्हणाल्या, "मी आता तापीसारखी झाले गं. सहा महिने पाणी, सहा महिने वाळू. पाणी कुठं नि वाळू कुठं, ते विचारू नको." आणि स्वतःच हसल्या.

शेवटच्या वर्षी दसऱ्याला त्या नेपानगरहून आल्या, त्या गुडघे धरूनच. ऑटोतून उतरवायला दोन माणसं लागली. कोजागरी झाली. सकाळी मी खाली पाहिलं, तर बाई ते टिचबटणांचं ब्लाउज घालून ओट्यावर बसलेल्या. वेणीफणी केलेली, पायात चपला. प्रकाशदादा मोटारसायकल काढताना म्हणाले, "आई, कुठं निघालीस का?"

"नाही रे. हवा खाते."

ते गेले. बाई जेवणवेळेपर्यंत तिथंच बसल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

मी म्हटलं, "मावशी, सरळ सांगा ना दादांना, सुई घ्यायची आहे म्हणून."

बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "सांगितलं की तो म्हणणार, सतीशनं काहीच केलं नाही का? मग तो त्याला फोन करणार, मग दोघांचं भांडण. एकाजवळ मागितलं की दुसऱ्याची चहाडी होते, कोकणे."

"मग मी नेते. शेजारच्या दोघी हात देतील."

"दोन मुलं असताना भाडेकरणीनं नेलं, असं गावानं म्हणायचं? माझ्या लेकरांची मान खाली घालू नको."

मुलीला आणि मला सुई घ्यायला तेवढं त्यांनी हट्टानं पाठवलं. ओट्यावरूनच ऑटोवाल्याला दम दिला, "सावकाश चालव रे, लहान पोर आहे."

संध्याकाळी मी धीर करून प्रकाशदादांना सांगितलं. त्यांनी मोबाइलमधून मान वर केली नाही. "अहो, सतीशकडे सहा महिने होती. त्यानं लगवा दी होगी. विचारतो." चार दिवसांनी त्यांच्या बायकोला आठवण केली, तर तिनं माझ्याकडं नीट बघून विचारलं, "वहिनी, तुम्हाला खोली बदलायची आहे का?" नवरा नाशिककडं गेलेला, मुलगी लहान. मी जिना चढून वर आले.

संक्रांतीच्या आधी गल्लीत तापाची साथ आली. त्या वर्षी दारं वाजवायला कुणी नव्हतं, म्हणून आम्हा मायलेकींशिवाय सुया कुणीच घेतल्या नव्हत्या. बाकीचे आठवडाभर अंथरुणाला खिळून उठले. बाईंच्या छातीत ताप उतरला. दवाखान्यात मी चहाचा थर्मास घेऊन गेले, तेव्हा दोन्ही भाऊ डॉक्टरांसमोर उभे होते.

डॉक्टरांनी विचारलं, "यंदा फ्लूची लस झाली होती?"

प्रकाशदादांनी सतीशदादांकडं पाहिलं. "तुझ्याकडं झाली ना?"

"माझ्याकडं कशी होईल? दसऱ्यानंतरचं सगळं तुझं. ठरलंय आपलं."

"वर्षाची गोष्ट आहे, सहा महिने तू सांभाळलंस की नाही?"

डॉक्टर म्हणाले, "लस घेतली असती तर ही वेळ आलीच नसती असं मी म्हणत नाही. पण या वयात, असा दमा असताना, चुकवायची नसते." आणि ते आत निघून गेले. भाऊ तसेच बोलत राहिले. आत बाईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, डोळे मिटलेले. ऐकू येत होतं की नाही, देव जाणे. येत नसेल तर बरं.

दोन दिवसांनी बाई गेल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला दोघंही सांगत होते, "वय झालं होतं. पण दोघांकडंही आनंदानं राहिली." लोक मान डोलवत होते.

तेराव्याची पंगत उठल्यावर दोघं भाऊ ओट्यावर सुपारी कातरत बसले.

प्रकाशदादा म्हणाले, "वर्षश्राद्धाचं आताच ठरवून टाकू. पहिलं मी करतो, पुढच्या साली तू. असंच आलटून पालटून."

"चालेल. पण एखाद्या साली कुणाची पाळी ते लक्षात राहिलं नाही तर?"

"त्यात काय, एक फोन करायचा. विचारून घ्यायचं."

"हां. विचारून घेतलेलं बरं."

मी पत्रावळी गोळा करत होते. दोघं भाऊ एकमेकांशी इतक्या समजुतीनं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.