शालनची शेगडी

जेवून आरामखुर्चीत पडलोय. आमटी-भात पोटात आहे, पेपर तोंडावर आहे आणि स्वयंपाकघरात वृषाली भांड्यांवर राग काढतेय. लेक माझी. पुण्याहून आठवडाभर आलीय आणि रोज तेच तेच म्हणतेय, "आण्णा, अंगावर काय राहिलंय तुमच्या? वर्ष होत आलं, आता तरी मटण खावा. आई असती तर..." एवढ्यावर मी हात वर करतो. पुढचं ऐकायचं त्राण नाही अंगात. डोळे मिटतायत, नाही मिटत, तोवर वर गच्चीत थापी घासल्याचा आवाज येतो. खर्र, खर्र.

"कोण हाय वर?" मी विचारतो.

जिना मी चढतोय की जिनाच खाली सरकतोय, कळत नाही. पण मी गच्चीत आहे आणि शालन पदर खोचून विटा रचतेय. माझी बायको. गेल्या दिवाळीनंतर दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही.

"आलासा? वीट द्या इकडं," ती म्हणते.

मी वीट उचलतो. एकच वीट, पण हात भरून येतात. हल्ली सगळंच जड झालंय, आंघोळीचा तांब्यासुद्धा.

"ऱ्हाऊ दे, बसा तुम्ही. मी करतो." आमच्या कोल्हापूरकडच्या बायका अशाच बोलतात, पुरुषासारखं.

ती तिन्ही बाजूंनी विटा रचते. मध्ये निखाऱ्यासाठी पत्रा, वर जुन्या खिडकीची जाळी. आणि आतून सिमेंट लिंपायला घेते.

"अगं ए, सिमेंट नको! आचेनं उडतंय ते. उभा जन्म फौंड्रीत गेला माझा, भट्टी काय असते ते मला शिकवतेस?"

"तुम्हाला विचारलं कुणी?"

ही शेगडी खरोखर बांधली तेव्हाही हेच म्हणाली होती. लेकीच्या सोसायटीत बारबेक्यू बघून आली आणि गवंडी न बोलावता स्वतःच बांधायला बसली. पहिल्या रविवारी शेगडी पेटली नि सिमेंट फटाफट उडायला लागलं. माझ्या मेव्हण्यानं तोंडातनं खपली काढली नि म्हणाला, "आक्का, मसाला जरा कडक झालाय." मग मी भट्टीची माती आणून दिली. तिनं गुपचूप सगळं खरवडलं आणि परत लिंपलं. चूक कबूल केली नाही ते नाहीच.

पण त्यानंतर काय रविवार होते हो! दह्यात आणि कांदा-लसूण मसाल्यात मुरलेलं मटण, सायकलच्या तारांत ओवलेलं. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की चुर्र. एरवी ताटावर बसून दोन घास कमी खाणारी माणसं गच्चीत उभ्या उभ्या, बोटं पोळवत, फुंकर घालत दुप्पट खायची. आणि ही धुरात डोळे बारीक करून तारा फिरवत राहायची, खूश.

आताही धूर येतोय. डोळे चोळून बघतो तर शेगडी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये आहे, आयसीयूच्या दारासमोर. बाकावर डबे घेऊन बसणारे नातेवाईक रांगेत उभे आहेत. नर्स तरातरा येते. मला वाटतं आता ओरडणार. ती लिंबाची फोड मागते.

ह्याच बाकावर बसून मी अंबाबाईला म्हणालो होतो, आजपासून मटण सोडलं, हिला उठव. नाही उठवलं तिनं. पण मी शब्द मोडलेला नाही. बघू दे की देवीला, दोघांत खोटं कोण पडलं ते.

शालन तारेवरचा तुकडा काढते आणि माझ्या तोंडासमोर धरते. "खावा."

"सोडलंय मी."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठीच की."

"मला विचारलं होतं?"

"तू शुद्धीत कुठं होतीस?"

"आता हाय. मी सांगतो म्हणून खावा."

"नाही."

ती पुठ्ठ्यानं वारा घालते. निखारे फुलतात. तिला घाई नाही, कधीच नसायची.

"एवढा राग देवीवर?"

"कसला राग नि काय," मी म्हणतो आणि माझा आवाज फाटतो. "खाल्लं की नवस संपला. नवस संपला म्हणजे तू गेलीस. मला नाही जमायचं ते, शालन. लई दमलोय मी."

"अहो, मी गेलोयच की," ती म्हणते. अगदी साधं, घरातला गूळ संपला म्हणून सांगावं तसं. "तुम्ही तेवढं उपाशी राहिलासा."

तुकडा ओठांना लागतो. मी तोंड उघडतो. एका बाजूनं करपलाय, आतून मऊ आहे आणि तिखट म्हणजे कान गरम होतायत. मी चावतोय. नाका-डोळ्यांतनं पाणी येतंय आणि ती पदरानं माझं तोंड पुसतेय.

"आण्णा, चहा."

वृषाली कप घेऊन उभी आहे. पेपर खाली पडलाय. ऊन खिडकीतून माझ्या पायांवर आलंय. जीभ आपोआप मागच्या दाढेकडे जाते. काहीतरी अडकलंय. बोट घालून ओढतो तर बारीक धागा निघतो. मटणाचा. एक टोक काळं, करपलेलं. ती गेल्यापासून या घरात मटण शिजलेलं नाही.

"काय अडकलंय, आण्णा? काडी देऊ?"

मी धाग्याकडे बघत बसतो. मग तो परत तोंडात ठेवतो आणि गिळतो.

"वृषाली," मी म्हणतो, "तुझी आई गेली गं."

ती कप खाली ठेवते. "हो, आण्णा," म्हणते आणि माझ्या पायाशी फरशीवर बसते.