मिस्त्री चाचांच्या नावाची फुंक

आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या डाळ मिलमधली सर्वांत दणकट फुप्फुसं म्हणून मिस्त्री चाचांचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. ती फुप्फुसं त्यांची नव्हती. माझी होती.

माणसं तापली म्हणून यंत्र बंद करणारा मिस्त्री अख्ख्या अकोल्यात दुसरा झाला नसेल. मी त्या मिलचा मॅनेजर. मे महिन्यात पत्रे तापून शेडमधल्या बाया बोलेनाशा झाल्या, की चाचा यंत्राच्या फिरत्या पट्ट्याजवळ हात नेऊन डोळे मिटायचे आणि जाहीर करायचे, "मशीन गरम झाली. थंडी होऊ द्या." लगेच सगळी मिल कडुनिंबाखाली आडवी. एकदा मीही हात नेऊन पाहिला. रोजच्यापेक्षा काही वेगळं लागेना. "चाचा, कुठं गरम आहे?" "अंदरून आहे साहेब. तुमाले नाही समजनार." मिस्त्रीच्या शब्दाबाहेर यंत्र चालू करायची कुणाची छाती नव्हती, त्यामुळे मालकही घाम पुसत त्याच निंबाखाली येऊन बसत. सकाळी चाचा फाटकाशी चेहरे वाचत उभे. "काहून बे, घरून भांडून आला का?" मान खाली गेली, की तो माणूस त्या दिवशी पट्ट्याजवळ नाही, पोती शिवायला. सणाच्या खरेदीनंतर निम्मी मिल पोती शिवत बसलेली मी पाहिली आहे. धुळीवर त्यांचं औषध गूळ. तो त्यांच्या खिशातून निघायचा, सदऱ्याचे धागे चिकटलेला, आणि नाही म्हणायची सोय नव्हती. मालकांना साखरेचा आजार. त्यांना चाचा नुसता वास घ्यायला लावत. सगळ्यांच्या नाकाला फडकं बांधायचे, पण त्यांचा स्वतःचा रुमाल कायम गळ्यात. "मी नाक बांधलं तं बेअरिंग जळून राहिली हे कोनाले समजन?" असं म्हणून ते भर धुराळ्यात उघड्या नाकाने यंत्र हुंगत फिरायचे.

मग मालकांच्या मुलाने कर्मचारी आरोग्य सप्ताह भरवला. फुगे, लिंबू सरबत, पोत्यांवर बसून प्राणायाम. चाचा नवरदेवाच्या बापासारखे मिरवत होते. अमरावतीहून तपासणीची माणसं आली आणि त्यांनी छातीचा जोर मोजायची, फुंकायची नळी काढली, तेव्हा चाचांनी मला पोत्यांच्या थप्पीमागे ओढलं.

"साहेब, माह्या नावानं तुमी फुका."

"काय बोलता चाचा?"

"माह्यात हवा नाही राहिली. मले घरी बसवतीन. मंग मशीन कोन बंद करन?"

तपासणीवाले आम्हाला ओळखत नव्हते. चाचांचं नाव पुकारलं आणि मी जाऊन बसलो. जोरात फुंकलं. त्यांच्यासाठी फुंकलं, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं असं, की तुरीचा हंगाम ऐन भरात होता आणि मला दुसरा मिस्त्री मिळाला नसता. सत्काराच्या वेळी चाचांना खोकला आवरेना. लोकांना वाटलं, गहिवरले.

पुढच्या हंगामात त्यांना शिडी चढवेना. आता ते अचलपूरला मुलीकडे असतात, खाटेजवळ ऑक्सिजनचं यंत्र. उपचाराच्या खर्चाचं विचारायला मुलगी मिलमध्ये आली, तेव्हा मालक अगदी मायेने म्हणाले, "बेटा, आमच्या तपासणीत तर त्यांची छाती सगळ्यांत चांगली निघाली होती. हा आजार इथला नाही." मी शेजारच्याच खुर्चीत होतो. तिच्यासाठी चहा सांगितला, इतकंच केलं.

मागच्या रविवारी एसटीने अचलपूरला गेलो. चाचा दम खात खात म्हणाले, "मशीन बंद करते का कोनी?"

"करतात ना," मी म्हणालो. नवीन मिस्त्री हुशार आहे. त्याचं यंत्र कधीच गरम होत नाही.

चाचांनी खाटेशेजारच्या यंत्रावर हात ठेवला, डोळे मिटले. "ही बी गरम होते साहेब," म्हणाले, "पन हिले बंद नाही करता येत." आणि हसले. मग उशाखालून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. परतीच्या एसटीत परतवाड्यापर्यंत तो मुठीतच होता.

ती फुंक माझी होती, हे मालकांना आणि त्या मुलीला समोर उभं राहून सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.