फुटलेलं वांगं आणि उकळता घाटा

माझी शाळा चौथीपर्यंत. तरी नातीने मला परीक्षक केलं. दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या कॉलेजात तिला दहा मिनिटं बोलायचं होतं. संशोधनाची जागा एक आणि मुलं सहा. सरांनी बजावलं होतं, आधी घरात कुणाला तरी समजावून बघ.

मी पिंप्राळ्याच्या घराच्या गच्चीवर बिबड्यांसाठी, म्हणजे आमच्या ज्वारीच्या पापडांसाठी, पिठाचा दाट घाटा शिजवत होते. घाटा सोडून उठता येत नाही, म्हणून मी तिला आयतीच सापडले. ती कागद घेऊन समोर बसली.

"आजी, आकाशातून रेडिओ लहरींची एकदम उसळी येते. पापणी लवायच्या आत संपते. तेवढ्यात सूर्य काही दिवसांत देईल इतकी शक्ती बाहेर पडते."

"कोण करतं?"

"बहुतेक मॅग्नेटार. मोठा तारा मेला की उरलेला गोळा. इथून भुसावळपर्यंत मावेल एवढाच, पण चुंबक भयंकर. नवा असतो तेव्हा फार अस्वस्थ. चुंबकाच्या ताणाने वरचं कवच तडकतं. भरताचं वांगं टोचायचं राहिलं की विस्तवावर कसं फुटतं, तसं!"

उदाहरणावर ती खूश होती. मी घाटा ढवळत विचारलं, "तुझा तारा एकदाच फुटतो?"

"नाही ना. काही ठिकाणांहून उसळी पुन्हा पुन्हा येते."

"मग फुटलेलं वांगं पुन्हा फुटतं का गं?"

तिचं तोंड उतरलं. "आता आयत्या वेळी दुसरं काय आणू? तिथे हेच विचारतील."

खोटी समजूत घालायची मला सवय नाही. तेवढ्यात घाट्याचा बुडबुडा फट्‌कन फुटला आणि चटका तिच्या मनगटावर बसला. "आई गं!" म्हणून ती उडाली. पाठोपाठ दुसरा फुटला, मग तिसरा.

"लांब बस. घाटा आचेवर आहे तोवर उडणारच. निवला की गप्प होतो."

ती मनगट धरून पातेल्याकडे बघत राहिली. "पातेलं शाबूत, आणि फुटणं चालूच! आजी, मॅग्नेटारही म्हातारा झाला की शांत होतो."

"मी नाही झाले."

"तू मॅग्नेटार नाहीस!"

"हाई बठ्ठं खरं शे का?" हे सगळं खरं आहे का, असं मी आमच्या बोलीत विचारलं.

"आपल्याच आकाशगंगेतल्या एकाची अशी उसळी पकडलीय. पण सगळ्या त्यांच्याच का, ते अजून कुणाला माहीत नाही."

"मग तिथेही तसंच सांग. माहीत नाही म्हणायला लाजू नको."

वांग्यावर काट मारून तिने घाटा लिहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुळ्याच्या बसस्टँडवरून तिचा फोन आला. वांग्याचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, घाटा म्हणजे काय? तर धुळ्याचे सर खुर्ची पुढे ओढून बिबडे कसे घालतात तेच सांगत बसले. तिची चार मिनिटं त्यात गेली.

"आणि जागा?"

"मिळाली, आजी!"

"बरं झालं. मग लवकर ये. बिबडे उलटायचे राहिलेत, आणि माझी कंबर धरलीय."